विषाची परतीची वाट



गेल्या जुलै महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीच्या हातून जुना तापमापक निसटला आणि फरशीवर पडून फुटला. काचेकडे कुणाचे लक्षच गेले नाही. सगळी मुले टेबलाखाली वाकून पाऱ्याचे चकचकीत गोळे पाहू लागली. एकाने दोन गोळे एकमेकांकडे ढकलून त्यांचा एक गोळा करून दाखवला. तेवढ्यात आमचे मदतनीस केरसुणी घेऊन आले. मी घाईघाईने ती त्यांच्या हातातून काढून घेतली, तेव्हा सर्वांना आश्चर्य वाटले.

एका मुलाने विचारले, "सर, हा पारा पोटात गेला तर माणूस मरतो ना?"

मी म्हणालो, "पोटात गेला तर बहुधा काहीच होणार नाही. नाकाने गेला, तर मात्र गोष्ट वेगळी आहे."

मुलांना ही थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती. धातुरूप पारा गिळला गेला, तर आतड्यातून रक्तात शिरणारा त्याचा भाग हजारात एक इतकाही नसतो. जवळजवळ सगळा पारा जसा आत गेला तसाच शौचावाटे बाहेर पडतो. याच पाऱ्याची वाफ श्वासाबरोबर आत गेली, तर तिचा सुमारे ८० टक्के भाग फुप्फुसातून रक्तात जातो. २० अंश सेल्सियस तापमानाला पाऱ्याच्या वाफेने संपृक्त झालेल्या एका घनमीटर हवेत सुमारे १४ मिलिग्रॅम पारा मावतो. कामाच्या जागी सुरक्षित मानलेली मर्यादा ०.०२५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे बंद खोलीतली हवा या मर्यादेच्या पाचशे पटींहूनही पुढे जाऊ शकते. केरसुणीने एका गोळ्याचे शंभर बारीक गोळे होतात, पृष्ठफळ वाढते आणि वाफही जास्त निघते. माझ्या शाळेच्या दिवसांत आम्ही पारा तळहातावर खेळवीत असू. तो वेडेपणा होता, एवढेच आज म्हणतो.

म्हणून विषाबद्दल "ते किती विषारी आहे?" एवढा एकच प्रश्न विचारून भागत नाही. ते कोणत्या वाटेने आत आले, शरीरात कुठे जाऊन बसले आणि कोणत्या वाटेने, किती वेगाने बाहेर पडते, हेही विचारावे लागते. यातल्या शेवटच्या प्रश्नाचे गणित तुम्हाला घरच्या घरी करून पाहता येईल.

पातेल्यातला प्रयोग

एका पातेल्यात मोजून दहा पेले पाणी घ्या. त्यात कपड्यांना लावायची थोडी नीळ मिसळा. आता एक पेला निळे पाणी काढून टाका, त्याजागी एक पेला स्वच्छ पाणी घाला आणि ढवळा. पुन्हा एक पेला काढा, पुन्हा एक घाला. प्रत्येक खेपेला पातेल्यातल्या निळीचा दहावा भाग जातो आणि नऊ दशांश उरतो.

पहिल्या पेल्याबरोबर पुष्कळ नीळ गेली. दुसऱ्या पेल्याबरोबर थोडी कमी, कारण पाणीच आता फिके झाले आहे. सातव्या पेल्यानंतर निम्म्याहून किंचित कमी नीळ उरते. तेराव्यानंतर सुमारे चौथा हिस्सा उरतो आणि विसाव्यानंतर आठव्या हिश्शाच्या आसपास. दर साडेसहा पेल्यांनी उरलेली नीळ निम्मी होते, मग सुरुवातीला ती कितीही असो. किरणोत्साराच्या धड्यात तुम्हाला भेटणारा 'अर्धायुकाल' तो हाच. तिथे अणुकेंद्रे फुटतात आणि इथे पेल्याने पाणी काढले जाते, पण गणित एकच आहे.

काही पुस्तकांत या ठिकाणी बुडाला भोक पाडलेल्या डब्याचा दाखला देतात. तो नेमका नाही. भोकातून पाणी पडण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे डबा ठराविक वेळात पूर्ण रिकामा होतो. आपले पातेले पूर्ण स्वच्छ असे कधीच होत नाही. शरीराचेही पुष्कळदा तसेच आहे.

शरीरात पेल्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडे करतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात आणि त्यातला दीड लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. ही परतफेड ध्यानात ठेवा. जो पदार्थ पाण्यात चांगला विरघळतो तो मूत्रात राहून बाहेर पडतो. जो तेलात विरघळणारा असतो तो नलिकांच्या भिंतींतून झिरपून पुन्हा रक्तात येतो. अशा पदार्थांना यकृत आधी रासायनिक क्रियेने पाण्यात विरघळण्याजोगे करून देते आणि मग मूत्रपिंडे त्यांना बाहेर काढतात. "भरपूर पाणी प्यायले की सगळे विष धुऊन जाते" ही समजूत म्हणूनच फारशी खरी नाही. घामावाटे तर याहूनही कमी जाते.

यकृताचा हा उद्योग नेहमी हिताचाच असतो असेही नाही. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. त्या दारूत मेथिल अल्कोहोल होते. मेथिल अल्कोहोल स्वतः तितके घातक नाही. यकृत त्यापासून आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनवते, आणि ते आम्ल दृष्टी व प्राण घेते. यावर रुग्णालयात वापरात असलेला एक उपाय ऐकून तुम्ही चकित व्हाल. रोग्याला मोजून-मापून साधे एथिल अल्कोहोल देतात. यकृतातील विकर त्याच्यामागे लागते, मेथिल अल्कोहोलकडे त्याचे दुर्लक्ष होते आणि ते हळूहळू मूत्र, श्वास किंवा डायलिसिस यांवाटे जसेच्या तसे निघून जाते. म्हणजे इथे मूळ पदार्थ जास्त काळ शरीरात राहतो आणि म्हणूनच माणूस वाचतो!

याच एथिल अल्कोहोलला अर्धायुकालाचा नियम मात्र लागू पडत नाही. त्याच्यावर काम करणारे विकर थोड्याशा दारूनेच पूर्ण गुंतून जाते. मग समोर रांग कितीही मोठी असो, खिडकीवरचा एकच कारकून तासाला ठराविक तिकिटेच देणार. साधारणपणे १०० मिलिलिटर रक्तातून तासाला १५ मिलिग्रॅम अल्कोहोल कमी होते. रात्री अकराला रक्तात १२० मिलिग्रॅम असेल, तर वाहनचालकांसाठी आपल्या कायद्याने घातलेल्या ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेवर यायला सहा तास लागतील, म्हणजे पहाटेचे पाच वाजतील. काळी कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी हा कारकून घाई करीत नाही.

फुप्फुसाची वाट

आता घरातली गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत माझ्या थोरल्या बहिणीची पंधरा वर्षांची मुलगी न्हाणीघरात बेशुद्ध पडली. न्हाणीघर लहान होते आणि आत गॅसचा गीझर होता. गार वारा येतो म्हणून खिडकी बंद केलेली होती. पाणी पडल्याचा आवाज तर येतो आहे, पण हाकेला उत्तर नाही, म्हणून ताईने दार तोडवले. मुलीला बाहेर उघड्या हवेत आणल्यावर ती दहा मिनिटांत शुद्धीवर आली, बोलू लागली, आणि सगळे म्हणाले, देवाची कृपा, चक्कर आली असेल. मी तेव्हा तिथे होतो. मी मात्र तिला तसेच रिक्षात घालून रुग्णालयात न्यायला लावले. डॉक्टरांनी तिच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला आणि ती नीट बोलत असूनही चार-पाच तास काढला नाही. ताई पुन:पुन्हा विचारी, "अरे, आता ती बरी आहे ना? मग हे कशाला?"

त्याचे उत्तर अर्धायुकालात आहे. हवा अपुरी असली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. सिलिंडरच्या गॅसला ओळखू यावा म्हणून वास मिसळलेला असतो, पण जळल्यावर तो वास उरत नाही. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट धरतो. हिशेबासाठी २१० पट धरू. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. आता कार्बन मोनॉक्साइड किती असला म्हणजे दोघांची बाजू सारखी होईल? २१ भागिले २१०, म्हणजे ०.१ टक्का. हजारात फक्त एक भाग! अशा हवेत पुरेसा वेळ राहिले, तर जवळपास निम्मे हिमोग्लोबिन या वायूच्या ताब्यात जाते. ही रस्सीखेच जे. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतः हा वायू हुंगून मोजली होती. खाणीत धोक्याची सूचना मिळावी म्हणून लहान पक्षी नेण्याची सूचनाही त्याचीच.

हा वायू जसा आला तसाच, फुप्फुसावाटेच बाहेर पडतो. यकृत आणि मूत्रपिंडे यांचे इथे फारसे काम नाही. साध्या हवेत त्याचा अर्धायुकाल चार ते पाच तासांचा असतो. म्हणजे दुपारी बाराला निम्मे हिमोग्लोबिन अडलेले असेल, तर रात्री आठ-नऊच्या सुमारास अजून आठवा हिस्सा अडलेला असणार. पण रस्सीच्या दुसऱ्या टोकाला प्राणवायूचे बळ वाढवले तर? शुद्ध प्राणवायू दिला की अर्धायुकाल तास-दीड तासावर येतो, आणि वाढवलेल्या दाबाच्या खोलीत दिला तर अर्ध्या तासाच्याही खाली. मुखवटा ठेवला तो यासाठी. भाची आता अकरावीत आहे. ताईच्या घरचा गीझर नादुरुस्त मुळीच नव्हता. तो न्हाणीघराच्या आत होता आणि खिडकी बंद होती, एवढेच कारण पुरले. तुमच्या घरी गॅसचा गीझर असेल, तर तो कुठे बसवला आहे हे आजच पाहा, आणि आत असेल तर वडील माणसांना सांगून बाहेर हलवून घ्या.

पंच्याहत्तर दिवस

काही तासांच्या या हिशेबाच्या मानाने दुसरे टोक किती दूर आहे, ते अमेरिकेतील एका घटनेने दाखवून दिले. डार्टमथ कॉलेजमधील रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान या विषारी धातूंचा जीवपेशींवर काय परिणाम होतो याच्याच अभ्यासक होत्या. १४ ऑगस्ट १९९६ रोजी त्या एका मापनासाठी डायमेथिल मर्क्युरी हे द्रव हाताळत होत्या. त्यांनी लॅटेक्सचे हातमोजे घातले होते आणि काम वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात चालले होते. एक-दोन थेंब मोज्यावर पडले. त्यांनी ते पुसले आणि नंतर मोजे काढून टाकले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांनी काहीच चुकीचे केले नव्हते.

पाच महिने काही विशेष जाणवले नाही. मग जानेवारी १९९७ मध्ये तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले, दृष्टी आणि श्रवण मंदावले. रक्त तपासले तेव्हा एका लिटरमध्ये सुमारे ४००० मायक्रोग्रॅम पारा निघाला. सामान्य माणसात तो एक ते आठ मायक्रोग्रॅम असतो आणि २०० ही धोक्याची पातळी मानतात.

हे विष नेमके कधी आणि कसे आले, हे कसे ठरवावे? इथे केस उपयोगी पडला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि तो तयार होत असताना रक्तात जेवढा पारा असेल त्या प्रमाणात तो केसात कायमचा अडकतो. म्हणजे लांब केस ही जणू शरीराने लिहिलेली रोजनिशीच. वेटरहानबाईंच्या केसाचे टोकापासून मुळापर्यंत बारीक तुकडे करून पारा मोजला गेला. आधी जवळपास काहीच नाही, मग ऑगस्टनंतर एकदम चढ, आणि पुढे हळूहळू उतार. त्या उतारावरून अर्धायुकाल निघाला सुमारे ७५ दिवस. चढ एकच होता, म्हणजे विष एकदाच आत आले होते.

आता आपण मागे मोजू. १४ ऑगस्ट ते जानेवारीअखेर साधारण १६७ दिवस होतात, म्हणजे सव्वादोन अर्धायुकाल. तेवढ्या काळात मूळ विषाचा सुमारे पाचवा हिस्साच उरला असणार. धोक्याच्या पातळीच्या वीस पट भरलेला तो आकडा हा उरलेल्या पाचव्या हिश्शाचा होता! आणि एवढे सगळे आत गेले ते अर्ध्या मिलिलिटरच्या आसपासच्या द्रवातून. पाऱ्याला धरून बाहेर नेणारी औषधे दिली गेली आणि मूत्रातून जाणारा पारा पुष्कळ वाढलाही. पण मेंदूतल्या पेशी नष्ट झाल्या होत्या त्या झाल्याच. विष काढून टाकणे आणि विषाने केलेली हानी भरून काढणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. ८ जून १९९७ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या प्रकारच्या मोज्यांची चाचणी करवून घेतली. ते द्रव १५ सेकंदांच्या आत मोज्याच्या आरपार जात होते. हा इशारा त्यांनी त्याच वर्षी जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांसाठी प्रसिद्ध केला.

डायमेथिल मर्क्युरीचे शरीरात मेथिल मर्क्युरी होते. त्याला बाहेर पडायला इतके दिवस का लागतात? यकृत ते पित्तातून आतड्यात सोडते खरे, पण आतडे त्यातले बहुतेक पुन्हा शोषून घेते. दाराबाहेर घालवलेला पाहुणा खिडकीतून परत येतो. आतड्यातले जंतू त्यातल्या थोड्याशा भागाचे असेंद्रिय पाऱ्यात रूपांतर करतात, आणि मुख्यतः तेवढाच बाहेर जातो. एकूण साठ्याचा दिवसाला जेमतेम एक टक्का. ०.६९३ ला ०.०१ ने भागून पाहा, सत्तरच्या आसपास दिवस येतात की नाही?

ही फेरी तोडता आली तर अर्धायुकाल कमी व्हायला हवा. पाऱ्याचे नव्हे, पण सीझियमचे तसे झालेले आहे. १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोइयानिया शहरात रुग्णोपचाराच्या एका टाकून दिलेल्या यंत्रातला किरणोत्सारी सीझियम-१३७ लोकांच्या हाती लागला आणि चार माणसे मृत्युमुखी पडली. सीझियम-१३७ चा किरणोत्साराचा अर्धायुकाल ३० वर्षे आहे. त्याची वाट पाहणे व्यर्थच. पण शरीरातून बाहेर पडण्याचा अर्धायुकाल सुमारे ११० दिवसांचा आहे, आणि सीझियमही आतड्यातून पुन:पुन्हा रक्तात परततो. रोग्यांना 'प्रशियन ब्लू' हा चित्रकारांचा निळा रंग औषध म्हणून खायला दिला. तो सीझियमला आतड्यातच पकडून ठेवतो आणि स्वतः शोषला जात नाही. याने हा काळ ३० दिवसांच्या आसपास येतो.

शिशाची कथा निराळी, ती स्पंजाची. पातेल्यात एक स्पंज टाकून तोच प्रयोग करा. पाणी नितळ झाल्यावर स्पंज पिळा, पाणी पुन्हा निळे होईल. शिसे शरीरात कॅल्शियमची जागा घेते. मोठ्या माणसाच्या शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्मे होते, पण हाडांतले निघायला दशके लागतात. गरोदरपणात आईच्या हाडातले कॅल्शियम बाळासाठी बाहेर येते, तेव्हा तिच्या लहानपणचे शिसेही त्याच्याबरोबर येते. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. माझ्या वयाच्या माणसांच्या हाडांत त्या धुराचा काही अंश अजून असणार.

आता रोज थोडे थोडे विष आत येत राहिले तर काय होते, ते पाहू. जपानमध्ये मिनामाटा येथे चिस्सो कंपनीच्या कारखान्याचे सांडपाणी १९६८ पर्यंत समुद्रात सोडले जात होते आणि त्यातून मेथिल मर्क्युरी माशांत उतरत होते. तिथल्या कोळी कुटुंबांचे रोजचे अन्नच मासे. तिथला विकार अधिकृतपणे नोंदला गेला तो १९५६ मध्ये. समजा रोज एक भाग विष पोटात जाते आणि साठ्याचा एक टक्का रोज बाहेर पडतो. मग साठा कुठपर्यंत वाढेल? जिथे एक टक्का म्हणजेच एक भाग होईल तिथपर्यंत, म्हणजे रोजच्या मात्रेच्या शंभर पट. आणि तिथे पोचायला जवळजवळ वर्ष लागते. आजच्या जेवणात काही जाणवत नाही, उद्याच्याही नाही. (कोकणातल्या वाचकांनी यावरून मासे सोडू नयेत. पारा साठतो तो मुख्यतः दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मोठ्या माशांत, उदाहरणार्थ मोरीत. तारलीसारख्या लहान माशांत तो पुष्कळ कमी असतो.)

हल्ली "शरीरातील सर्व विषारी द्रव्ये सात दिवसांत बाहेर" अशी चूर्णे आणि काढे विकणाऱ्या जाहिराती दिसतात. त्यांत कोणत्या द्रव्याचे नाव आहे, ते कोणत्या वाटेने जाणार आणि त्याचा अर्धायुकाल किती, हे शोधून पाहा. मला अजून एकाही जाहिरातीत सापडलेले नाही.

शेवटी, पातेल्याचा प्रयोग पुन्हा एकदा करा, पण उलटा. स्वच्छ पाण्याच्या दहा पेल्यांपासून सुरुवात करा. नीळ पाण्यात कालवून तिचे थेंब करा. दर खेपेला एक पेला काढा, एक पेला स्वच्छ पाणी घाला, एक थेंब नीळ टाका आणि ढवळा. रंग गडद होत जाईल, आणि मग एका ठिकाणी थांबेल. तुलनेसाठी दुसऱ्या पातेल्यात दहा पेले पाणी घेऊन त्यात मोजून थेंब टाका आणि रंग जुळवा. किती थेंबांशी जुळेल, ते आधी गणिताने काढून वहीत लिहा. मगच थेंब मोजायला घ्या.